काचेमागची करंगळी

ए, तो मोबाइल खाली ठेव आधी. ऐकायचं तर नीट ऐका, नाहीतर झोपा जाऊन.

ही माझ्या साडूची गोष्ट. इंजिनियर माणूस, भुताखेतांची टर उडवणारा. गावोगाव फिरून, भूकंप झाला तर कुठली इमारत टिकेल नि कुठली बसेल, ते ठरवायचं, ही त्याची नोकरी. संशयाची भेग दिसली की तिच्यावर वीतभर काच आडवी चिकटवायचा. भेग हलली तर काच तडकते. मग इमारत रिकामी करायची.

गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार. रात्रीचे साडेनऊ. साडू त्याच्या थोरल्या बहिणीच्या इमारतीतली काच बघायला गेला. ताई तिसऱ्या मजल्यावर, नवरा गेल्यापासून एकटी. काच खाली पार्किंगमधल्या खांबावर. टॉर्च मारला, तर काच धड. गडी खूश.

मग दिसलं... काचेवर बोटांचे ठसे. त्याने पुसले. जाईनात. ठसे आतून होते. भेगेच्या बाजूने. तीन बोटं नि अर्धी करंगळी.

ताईची करंगळी अर्धीच. लहानपणी दारात चेमटलेली.

तो धावत वर गेला. ताई भांडी घासत होती.

"ताई, आत्ताच्या आत्ता खाली चल!"

"का रे? काच फुटली?"

"...नाही."

"मग? तूच म्हणतोस ना, काच धड तर घर धड? जेवलास का?"

आता काय सांगणार, कपाळ? त्याने छाती धरली. "दुखतंय गं... दवाखान्यात चल." चक्क थाप. पण बहीणच ती. ओले हात न पुसताच त्याला धरून खाली आणलं, रिक्षात बसवलं. तो भीतीने नुसता थरथरत होता.

"थंडी वाजतेय तुला. शाल आणते."

"नको! ताई, नको..."

"गप रे. ही आले."

गेली.

जिन्यात दिवा लागला. पहिला मजला. दुसरा. तिसरा...

रस्ता हलला.

मग... नुसती धूळ.

...

पाणी दे रे जरा.

ढिगारा उपसताना ती काच सापडली. खांबाचा चुरा, काच धड. साडूला घरात ठेववेना, म्हणून माझ्याकडे आहे. त्या कपाटावर. मागच्या बाजूला अजून सिमेंट चिकटलंय, म्हणून बाजू कळते. ठसे आता पुढच्या बाजूने आहेत. पुसले की जातात.

सकाळी पुन्हा असतात. ओले.