उजव्या हातावरचं दही

२०१८ साल, जून महिना. ओसाकातल्या एका बेसबॉल संघाच्या सरावाच्या मैदानावर पावसाची सर नुकतीच थांबली होती, आणि जाळीमागे अक्षया गोगटे ओढणीनं लॅपटॉप पुसत होती. मुलगी पुण्याची, नोकरी ओसाकात. तिच्या कंपनीनं इथं चेंडूचा वेग मोजणारे कॅमेरे बसवले होते.

“किती?” जाळीपलीकडून कुणीतरी विचारलं.

उंच, चिंब भिजलेला माणूस. उजव्या कोपरावर लांब व्रण. पाठीवर क्रमांक एकशे एकवीस.

“आकडे फक्त प्रशिक्षकांना सांगायचे असतात.”

“म्हणजे वाईट आहेत.”

“मी कुठं तसं म्हटलं?”

“तुमच्या भुवया म्हणाल्या.”

हा शुन्सुके कुराता, वय एकतीस. एके काळी रविवारचा सामना म्हणजे कुराता, हे ठरलेलं. सामन्याचा पहिला चेंडू त्याचा, मग पुढच्या रविवारपर्यंत हाताला विश्रांती. पण कोपराची शस्त्रक्रिया झाली, आणि संघानं त्याच्या पाठीवर तीन आकडी क्रमांक चढवला. तीन आकडी खेळाडूला मुख्य संघाचं दार बंद. दोन आकडी क्रमांक परत मिळाला, तरच उघडायचं.

मग रोजच झालं. तो विचारायचा, “किती?” ती उत्तर द्यायची नाही… फक्त भुवया उंचवायची. तो हसायचा आणि मशीनमधून काढलेला गरम कॉफीचा डबा जाळीच्या फटीतून सरकवायचा. डबा घेताना बोटाला बोट लागलं, तर दोघंही उगाच आभाळाकडे बघायचे.

सप्टेंबरात सरावसामन्याच्या सकाळी अक्षया वाटीत दही-साखर घेऊन आली. “शकुनाचं आहे, हातावर घ्या.” त्यानं डावा हात पुढे केला.

“डाव्या हातावर देत नाहीत!”

“आणि चेंडू टाकायचा असेल त्या दिवशी उजव्या हाताला मी कुणाला शिवू देत नाही. आईलासुद्धा.”

“मग राहू दे. मीच खाते.”

आणि खरंच, त्याच्यासमोर उभं राहून तिनं वाटी चाटूनपुसून संपवली.

त्या दिवशी आकडे बघताना तिच्या ध्यानात एक गोष्ट आली. कुराताचा वेग होता ताशी जेमतेम एकशे सदतीस किलोमीटर, तरी फलंदाजांची बॅट उशिराच फिरत होती. चेंडू हातातून सुटेपर्यंत त्याच्या खांद्याआड लपलेला असायचा. तिनं अहवालात एक पान वाढवलं.

“अगं, मागितलं नाही ते कशाला देतेस?” तिचे साहेब गुणवंत जोशी वैतागले. “काढ ते पान.”

“गुणवंतसर, माझं नाव काढा हवं तर. पान निघणार नाही.”

पान अहवालासोबत संघाकडे गेलं. वाचलं कुणीच नाही. ऑक्टोबरात संघानं कुराताला सांगितलं, खेळणं सोड, आमच्या फलंदाजांना सरावासाठी सोपे चेंडू टाक, कायमची नोकरी देतो.

“मी फटके खाण्यासाठी चेंडू टाकत नाही,” तो म्हणाला, आणि कपाट रिकामं करून निघाला.

उरली एकच वाट. नोव्हेंबरात काढून टाकलेल्या खेळाडूंची चाचणी असते. सगळ्या संघांची माणसं बघायला येतात. प्रत्येकाच्या वाट्याला तीन फलंदाज, बस्स. त्यात कुणाच्या डोळ्यांत भरला नाहीस, तर घरी जा.

अक्षया रजा टाकून गेली. आईनं फोनवर झापलं, “चेंडू फेकणाऱ्यामागे कसली धावतेस गं?”

“धावत नाहीये आई, बुलेट ट्रेननं चाललेय.”

फाटकाशी तो उभा होता. तिनं दुकानातल्या दह्याचा डबा उघडला, साखर घातली. त्यानं हात पुढे केला… उजवा.

“कुरातासान, आज चाचणी आहे.”

“माहीत आहे. म्हणूनच.”

तिनं चमचाभर दही तळहातावर ठेवलं. त्यानं ते खाल्लं आणि नळाखाली हात चार वेळा धुतला. चिकट बोटं असली तर पंच हाकलतील, म्हणाला.

“जोर लावू नका,” ती म्हणाली. “चेंडू तुमच्या खांद्याआड लपतो, म्हणून बॅट उशिरा फिरते. अहवालात लिहिलंय मी, आणि माझं पान खरं आहे.”

बाकीचे सगळे आकडा दाखवायला जिवाच्या आकांतानं टाकत होते. कुराताचा पहिला चेंडू पडला, फलकावर एकशे छत्तीस झळकले. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. अक्षयानं मान वळवून त्याच्याकडे असं पाहिलं, की तो चष्मा पुसू लागला. पहिल्या फलंदाजानं मात्र लांब टोला हाणला. कुरातानं एकदा तिच्याकडे बघितलं… आणि पुढचा चेंडू आणखी हळू टाकला. दुसऱ्याची बॅट हवेत फिरली. तिसऱ्याचीही.

तो बाहेर आला तो सरळ तिच्यापाशी, आणि त्यानं तिचा हात धरला.

“सोडा ना… लोक बघताहेत.”

“चाचणी संपली. आता या हाताला शिवलेलं चालतं. पण फक्त तुम्ही. कायम… चालेल?”

अक्षयानं फक्त भुवया उंचावल्या.

“म्हणजे चांगलं आहे,” तो म्हणाला.

उत्तरेकडच्या एका संघानं त्याला घेतलं, पुन्हा तीन आकडीच. पुढच्या जुलैत सदुसष्ट क्रमांक मिळाला, आणि रविवारही. चार वर्षं खेळला. थांबायचं कधी, ते त्यानंच ठरवलं. आता शाळेतल्या पोरांना शिकवतो. गुणवंतसर पुण्याला परतले, आणि तेच पान दाखवून नव्या संघांना कॅमेरे विकतात. अक्षयाची आई जावयाच्या सामन्यासाठी दुपारची झोप मोडायची. आणि अक्षया अजूनही आकडे बघते, त्याच्या पोरांचे. घराबाहेर पडताना दही तीच देते, उजव्या हातावर, आणि तो ते खाऊन हात धुवायचा आता मुद्दाम विसरतो.