जाळी आणि नळीमधली फट

बेसिनपाशी उभा राहून तो माझ्या कित्येक महिन्यांच्या कामाने चहाचा कप घासत होता.

"अहो! काय करताय? ती घासणी नाहीये!"

त्याचा हात थांबला. बोटांत माझा नमुना — तांब्याची जाळी, स्पंजासारखी, आरपार छिद्रांची.

"घासणी नाही? मग डाग इतका छान कसा गेला?"

मी रागावणारच होते... पण हसूच फुटलं.

तो आमच्या प्रयोगशाळेतला नवा तंत्रज्ञ निघाला. माझी जाळी नळीत भरायची, आतून गरम पाणी सोडायचं आणि बाहेरून वाहणाऱ्या थंड पाण्याला किती उष्णता मिळते ते मोजायचं, हे आमचं काम. जाळी माझी, पंप त्याचा.

"जाळीबाई, तुमच्यामुळे माझा पंप धापा टाकतोय."

"व्यायामाची सवय नसेल त्याला."

"माझ्यावर गेलाय. तुम्ही दिसलात की मलाही धाप लागते."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. तापल्या नळीपासून तो मला बाही धरून मागे ओढायचा — आणि सोडायला अंमळ उशीर करायचा.

एका दुपारी वायर गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, "ही नळी पास झाली तर एक मोठा कारखाना हे काम उचलणार. सोबत मलाही नेणार. कायमची नोकरी... पण लांब. खूप लांब."

"आणि नापास झाली तर?"

"तर इथेच. कंत्राटावर, तुझी बोलणी खात."

मला कुठेच जाता येणार नव्हतं. आई गेल्यावर घरात बाबा आणि मी. अर्धांगाचा झटका आल्यापासून बाबा फक्त माझ्याच हातून जेवत. त्याला हे ठाऊक होतं. रविवारी येऊन तोच त्यांची दाढी करून द्यायचा.

आकडे वाईट येत होते. जाळी भरलेली नळी रिकाम्या नळीपेक्षा जेमतेम बरी. साहेब प्रकल्प गुंडाळायच्या बेतात होते. मी नळी कानाशी धरून सहज हलवली, तर आत जाळी किंचित सरकली. नुसती दाबून बसवलेली जाळी नळीच्या भिंतीला धड टेकतच नव्हती, आणि त्या बारीकशा फटीत उष्णता अडत होती. भट्टीत ब्रेझिंग करून, म्हणजे फटीत दुसरा धातू वितळवून, दोन्ही जोडल्या तर...

हे फक्त मला कळलं होतं. नळी छातीशी धरून मी बराच वेळ खिडकीत उभी राहिले. मग त्याच्याकडे गेले.

"जाळी सैल आहे. जोडून घेऊ."

त्याने नळी माझ्या हातातून घेतली. "बोलली नसतीस तर कुणाला कळलं असतं?"

"मला."

जोडलेल्या नळीतून दुपटीहून जास्त उष्णता आली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या — एकमेकांकडे न बघता.

जायच्या सकाळी फाटकापाशी त्याने बॅग खाली ठेवली.

"एकदा 'थांब' म्हण. थांबतो."

"आणि मग मी अडवून ठेवलेला माणूस रोज समोर बघू?"

"म्हणजे काहीच नाही म्हणणार?"

"म्हणणार आहे ना..." मी बॅग उचलून त्याच्या हातात दिली. "माझं प्रेम आहे तुझ्यावर. आता जा."

"वेडी आहेस का? हे ऐकून कसा जाऊ?"

"मागे न बघता."

त्याने माझं ऐकलं नाही. वळणापर्यंत तो मागे बघत बघतच गेला. हात मात्र मी हलवला नाही... दोन्ही हातांनी मी फाटक घट्ट धरून ठेवलं होतं.