अंगठ्याखालची नाडी

घड्याळाच्या मनोऱ्यावरून पडला होता तो, पोरींनो. चांगला पाचव्या मजल्यावरून. (आमची स्वारी अजून म्हणते, स्टुलावरून. त्यांचं काय ऐकता?) घड्याळं दुरुस्त करायचा. पाय मोडून आमच्या वॉर्डात आला, आणि मी, नर्सिंगच्या पहिल्या वर्षातली, नव्या कोऱ्या टोपीत, थर्मामीटर शोधता शोधता नेमकी त्याच्याच खाटेला धडकले.

"एक मोडलाय," तो म्हणाला, "दुसरा तरी राहू द्या."

आमच्या ट्यूटर सिस्टर म्हणजे जमदग्नी. माणूस, परिसर, आरोग्य, शुश्रूषा... चार शब्द त्यांनी डोक्यात खिळ्यासारखे ठोकले होते. आजाराआधी माणूस बघा, म्हणायच्या. मी बघितला... जरा जास्तच. परिसर म्हणून खिडकी उघडायचे, ऊन त्याच्या भुवईवर यायचं, आणि पडदा ओढायचा राहूनच जायचा.

सिद्धांतही चार जातींचे. काय घडतंय ते सांगणारा, का घडतंय ते सांगणारा, पुढे काय घडेल ते सांगणारा, आणि मग करायचं काय ते सांगणारा. मी घोकायचे, तो वही धरून चुका काढायचा.

भानगड एकच होती. दुसऱ्या नर्सनी नाडी मोजली की बहात्तर. मी मोजली की एकशे आठ. आठ दिवस हेच. डॉक्टर बुचकळ्यात पडले, त्याला घरी सोडेनात.

अशात माझी परीक्षा आली. नापास झाले तर शिक्षण बंद, असं वडिलांनी बजावलं होतं. आणि सिस्टरनी खाट निवडली ती त्याचीच.

काय घडतंय, त्यांनी विचारलं. नाडी वाढते, मी म्हणाले. का? पेशंट घाबरत असेल. पुढे काय होईल? मी मोजली की पुन्हा वाढेल.

"मोज," त्या म्हणाल्या.

मी मनगट धरलं. एकशे बारा. सिस्टरनी त्याच वेळी दुसऱ्या हाताला दोन बोटं लावली. बहात्तर. मग त्यांचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं.

"अंगठ्यालाही स्वतःची नाडी असते, बाई. आठ दिवस या तक्त्यावर तू तुझीच लिहितेयस."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. खाटेच्या पायथ्याशी माझं काळीज टांगलेलं, येणाऱ्या-जाणाऱ्यानं वाचावं असं.

तो खाकरला. "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, सिस्टर. घड्याळवाल्याला स्वतःची टिकटिक कळणार नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर... घरी पाठवलं असतंत."

सिस्टरनी चष्म्यावरून आधी त्याला बघितलं, मग मला. "चौथा राहिला. आता करायचं काय?"

मी फरशीकडे बघत म्हटलं, "दोन बोटांनी मोजायची... आणि पेशंटला आजच घरी सोडायचं."

त्यांनी पास लिहिलं.

"आणि एकशे बारावाल्या नर्सला कोण बघणार?" तो हळूच म्हणाला. "मी रविवारी आलो तर चालेल?"

आला. दोन कुबड्यांवर, पंधरा मैल चालत.

अजूनही रोज सकाळी मी स्वारीची नाडी मोजते, मुद्दाम अंगठ्यानं. काल एकशे आठ भरली. ते म्हणतात, जिना चढून आलीस म्हणून.

त्यांचं काय ऐकता?