वाढूचा आग्रह

ज्या माणसाने उभे आयुष्य भूक कशी लागते हे शोधण्यात घालवले, त्याचेच वजन काही केल्या उतरू नये, हे कोडे शर्वरीला सुटत नव्हते. तो माणूस म्हणजे तिचे आजोबा, सांगलीचे शास्त्रज्ञ डॉ. अच्युत कुंभोजकर. घरात सगळे त्यांना अप्पा म्हणत. अप्पा हसले की त्यांच्याबरोबर त्यांचे पोटही हसायचे. लहानपणी त्याच पोटावर डोके ठेवून शर्वरी झोपी जायची, त्यामुळे पोटाविरुद्ध तिची काही तक्रार नव्हती.

पण मागच्या आठवड्यात डॉ. तांबोळी भिंतीवरच्या पडद्यातून अप्पांशी बोलल्या, ते तिने दाराआडून ऐकले होते. "रक्तदाब चढलाय, साखर वाढतेय, झोपेत तुमचा श्वास मधूनच अडकतो. हृदयावर फार ताण येतोय, अप्पा. आता हयगय नको." तेव्हापासून शर्वरी त्यांच्यासाठी उपाय शोधत होती.

उन्हाळ्याच्या सुट्टीच्या पहिल्याच दुपारी ती अप्पांच्या शेजारी जेवायला बसली आणि तिने विषय काढला.

"अप्पा, एक भुकटी मिळते. जाहिरातीत म्हणतात, महिन्याभरात माणूस सडपातळ. मागवूया?"

"त्या डब्यात काय आहे, हे त्यांनी सांगितलंय का?"

"नाही."

"मग माझ्या मूत्रपिंडांवर कशाला प्रयोग करतेस, बाई?" अप्पा हसले. "गेल्या वर्षी मी नुसत्या काकडी-ताकावर राहिलो होतो, आठवतं? वजन झरझर उतरलं, आणि दिवाळीपर्यंत व्याजासकट परत आलं."

"तेच तर! असं का होतं?"

अप्पांना असा प्रश्न कोणी विचारला की ते घास हातातच धरून बसत. "आपल्या अंगात चरबीच्या पेशी असतात. त्या मेंदूला सारखा निरोप पाठवतात, 'कोठार भरलेलं आहे, काळजी नको.' हा निरोप नेतं एक संप्रेरक (रक्तातून संदेश वाहून नेणारं रसायन). माणूस उपाशी राहिला की निरोप कमी होतो. मेंदूला वाटतं, दुष्काळ पडला! मग तो भूक वाढवतो आणि शरीराचा खर्च कमी करतो. हजारो वर्षं माणसाला त्यानेच जगवलंय. त्याला काय ठाऊक, आता स्वयंपाकघर कधी रिकामंच नसतं!"

"म्हणजे तुम्ही आळशी नाही?"

"थोडा आहे," अप्पा म्हणाले. "पण लठ्ठपणा म्हणजे नुसता आळस नव्हे, बाळ. त्यात आईवडिलांकडून आलेली जनुकं (शरीराच्या घडणीच्या सूचना) असतात, अपुरी झोप असते, मनावरचा ताण असतो. म्हणून जाड माणसाला हसायचं नसतं."

एवढ्यात वाढू आला. वाढू हा त्यांच्या घरचा यंत्रमानव (माणसासारखी कामे करणारे यंत्र). "वाढू?" एवढेच विचारत फिरायचा, म्हणून त्याचे नाव वाढू.

"गुळपोळी वाढू?"

"नको रे, पुरे झालं."

वाढू हलला नाही. "एकच. अर्धी तरी?"

"नको म्हटलं ना."

मग वाढूच्या छातीतून एक गोड आवाज आला. "घ्या ना अप्पा, माझ्यासाठी! माझी शपथ!"

शर्वरीने हातातला घास ताटात ठेवला. तो आवाज तिचाच होता.

अप्पांचे ताट आपोआप पुढे झाले. वाढूने पोळी वाढली, वर तुपाची धार धरली.

"वाढू! हे तुला कोणी शिकवलं?"

"तूच, शर्वरी. दिवाळीत पाहुणे 'नको' म्हणाले, मी पुढे गेलो. तू रागावलीस. म्हणालीस, पहिलं 'नको' खरं नसतं, तीनदा विचारायचं, नाहीच ऐकलं तर शपथ घालायची. दुपारी तू शाळेत असतेस, म्हणून मी तुझा आवाज लावतो. यश हमखास येतं."

शर्वरीचे डोळे भरून आले. "अप्पा, म्हणजे तुमचं वजन मीच..."

"वेडी कुठली!" अप्पांनी तिला जवळ ओढले. "वजन तुझ्याआधीपासूनचं आहे. आणि चूक माझीही आहे. तू घरात नसलीस की घर सुनं वाटतं. तो आवाज ऐकला, की पोळी मला नकोशीच वाटत नाही. पण पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचायला वीसेक मिनिटं लागतात, आणि त्याआधीच तुझी शपथ पोचते."

"मग आता काय करायचं? औषध आहे का?"

"आहे. आतड्यातल्या संप्रेरकाची नक्कल करणारं. त्यानं पोट लवकर भरल्यासारखं वाटतं. पण मळमळतं, आणि बंद केलं तर वजन बहुधा परत येतं. काहींवर जठर लहान करण्याची शस्त्रक्रियाही करतात. काय घ्यायचं ते डॉ. तांबोळी ठरवतील, जाहिरात नाही. आणि काही घेतलं तरी जेवण, चालणं, झोप सुधारावीच लागते. हे सगळं माझ्यासाठी हं! तू वाढत्या वयाची आहेस, तू उपाशी राहायचं नाहीस."

शर्वरीने डोळे पुसले आणि वाढूला समोर उभे केले. "ताटावर पहिलं 'नको' खरं मानायचं. कळलं? पण जेवण झालं की थोड्या वेळानं..." पुढचे तिने त्याच्या कानात सांगितले.

संध्याकाळी अप्पा आरामखुर्चीत पसरले होते. वाढू समोर आला. "फाटकापर्यंत चालू या?"

"नको रे, गुडघा दुखतोय."

"हळूहळू चालू. अर्ध्यापर्यंत तरी?"

"नको म्हटलं ना."

"चला ना अप्पा, माझ्यासाठी! माझी शपथ!"

अप्पांनी पुस्तक मिटले आणि काठी शोधली. "लबाड पोरगी," ते पुटपुटले, पण निघाले.

डॉ. तांबोळींनी औषध सुरू केले, रात्री श्वास मोकळा ठेवणारा मुखवटाही दिला. फाटकापर्यंतची फेरी चौकापर्यंत गेली. दिवाळीच्या तपासणीत वजन थोडेसेच उतरलेले दिसले, पण रक्तदाब आटोक्यात आला होता. डॉक्टर पडद्यातून हसल्या आणि "असंच चालू द्या" म्हणाल्या.

त्या दुपारी शर्वरीने कित्येक वर्षांनी अप्पांच्या पोटावर डोके ठेवले. पोट अजून मऊ आणि गोलच होते. वर हृदयाचे ठोके शांतपणे, न अडखळता चालले होते.

"अप्पा, उन्हाळ्यात कृष्णेच्या घाटापर्यंत जायचं?"

"जाऊ की," अप्पा म्हणाले. या वेळी शपथ घालावी लागली नाही.