धवळ्यात नसलेला पंचम

"याचं ट्रान्सपोजचं बटण कुठंय?"

मुरबाडच्या आमच्या वाचनालयात त्या पियानोबद्दल कुणी विचारलेला हा पहिला प्रश्न. एका साहेबांनी आपला बंगला विकला आणि जाताना पियानो आमच्या गळ्यात घातला. तेव्हापासून मी त्यावरची धूळ पुसायची आणि लोकांनी त्यावर पेपर वाचत कोपरं टेकायची. मी वळून पाहिलं… आणि डोकंच फिरलं. पंक्चर काढून होईस्तोवर सावलीला आलेला हा माणूस किन्हवलीच्या बेंजो पार्टीतला कीबोर्डवाला होता, स्वरूप. महिन्यापूर्वी माझ्या चुलतबहिणीच्या हळदीत यानंच धोंडूआत्याचं गाणं घालवलं होतं.

"याला बटण नसतं," मी म्हटलं. "इथं बोटांना अक्कल लागते."

धोंडूआत्या आमच्याकडची धवळारीण. लग्नात नवरा-नवरीची नावं गुंफून ती धवळा गाते, आणि तो झाल्याशिवाय आमच्यात लग्न लागल्यासारखं वाटतच नाही. त्या हळदीत हा पठ्ठ्या हौसेनं तिच्या साथीला बसला. सूर जुळेना, तर यानं आवाज वाढवला! आत्या अर्ध्यात थांबली. आपल्याच गळ्यात खोट आली असं तिनं धरलं आणि गाणं सोडलं. वैशाखात माझ्या भावाचं, मनोजचं लग्न होतं. बाबांनी विनवून पाहिलं, मी रुसून पाहिलं. आत्याचं एकच, नाय म्हंजे नाय.

हे सगळं मी स्वरूपला तिथंच ऐकवलं, 'शांतता राखा'च्या पाटीखाली उभी राहून. त्याचे कान लाल झाले. मग हळूच म्हणाला, "तो धवळा हाय का तुमच्याकडं… मोबाइलवर?"

होता. आणि मग तो दर रविवारी यायला लागला.

त्याचा गुन्हा त्यानं पहिल्याच रविवारी कबूल केला. गाणं कुठल्याही पट्टीतलं असो, तो ट्रान्सपोजच्या बटणानं पट्टी बदलायचा आणि बोटं पांढऱ्या पट्ट्यांवर ठेवायचा. काळ्यांना कधी हातच लावला नव्हता. पियानोवर ती चोरी चालेना. आत्याचा सा सापडला पांढरी पाचवर. पुढचा रे कोमल निघाला, म्हणजे काळी पट्टी. ग पांढरीवर. म चढा, तीव्र, म्हणजे पुन्हा काळीवर. तिथून पुढं मात्र त्याचं बोट दर वेळी शेजारच्या पंचमावर जाऊन बसायचं, आणि धवळा एकदम कुठल्याही वरातीतल्या गाण्यासारखा व्हायचा.

मला सुरांची नावं त्याच्याकडूनच कळत होती, पण धवळा मी पाळण्यात असल्यापासून ऐकलाय. म्हटलं, "तिथं आत्या थांबतच नाय. उडी मारते ती."

त्यानं पंचम ओलांडला आणि ध दाबला. पांढरी, काळी, पांढरी, काळी, पांढरी. पाचच सूर, पंचम नाही, नीसुद्धा नाही… आणि वाचनालयात माझी आत्या गायला लागली! त्यानं माझ्याकडं पाहिलं, मी खिडकीकडं पाहिलं. त्याची नखं सीझनभराच्या हळदीनं पिवळी झाली होती. मला तो आवडला होता. झालं, तुम्हाला सांगून टाकलं.

पुढच्या रविवारी तो करवंदं घेऊन हजर. सूर सापडले, आता काय काम, असं मी विचारलं.

"पाठ करायचंय."

"पाच पट्ट्या?"

"टाइम लागतो मला…" तो म्हणाला, "काय काय गोष्टी बोलायला पण."

मग नुसता वाजवत बसला, आणि करवंदं मी एकटीनं संपवली.

मग एका रविवारी आत्याला मी डोळे तपासायच्या नावाखाली जीपनं मुरबाडला आणलं. वाचनालयात स्वरूपला पाहताच ती दारातनं परत फिरली. तो वाजवायला लागला. आत्याचा पाय उंबऱ्यावरच राहिला. सगळा धवळा तिनं उभ्यानं ऐकला, मग येऊन बाकावर बसली.

"पोरा, तवा असं का नाय वाजवलंस?"

"तवा येत नव्हतं, आत्या. तुमचा गळा बरोबर होता. चुकलो मी."

आत्यानं पदरानं डोळे पुसले. किती दिवस ती हे एकच वाक्य ऐकायची वाट बघत होती, ते मला तेव्हा कळलं. मग तिनं घसा खाकरला. "नावं सांग गो. बिननावाचा धवळा नाय म्हणता येत."

मी मनोजचं आणि होणाऱ्या वहिनीचं, सारिकाचं नाव सांगितलं. आत्यानं नको म्हणून मान हलवली. त्यांचा धवळा त्यांच्या मांडवात म्हणेन, म्हणाली. तिनं स्वरूपकडं पाहिलं, त्यानं त्या दिवशीही आणलेल्या करवंदांकडं आणि ती खाऊन जांभळ्या झालेल्या माझ्या बोटांकडं पाहिलं… आणि सूर लावला. नवरा म्हणून स्वरूपचं नाव आलं. नवरी म्हणून माझं.

स्वरूपचं बोट घसरलं आणि खणकन पंचमावर आदळलं. त्यानं पट्टीवरचं बोट न काढताच माझ्याकडं पाहिलं, नजरेनंच विचारलं. मी मान हलवली, हो म्हणून.

आत्या या वेळी थांबली नाही.