डाव्या चाकावरचे तेरा मिलिमीटर

उजव्या मागच्या चाकावर, टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये बेचाळीस मिलिमीटर जागा होती. डाव्यावर एकोणतीस. गाडी रिकामी, जमीन सपाट. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते, तीनदा मोजलं.

माझ्या भावाने, कुतैबाने, चार वर्षांपूर्वी छोट्या स्प्रिंगा घालून गाडी इतकी खाली बसवली होती की अम्मानचा एकही गतिरोधक तिच्या पोटाला लागल्याशिवाय सुटत नसे. आता डावा टायर घासून कापला जात होता, आणि शुक्रवारी याच गाडीतून जबल जौफेच्या चढावरून त्याची नवरी आणायची होती.

बयादरच्या गॅरेजात अबू शुक्रींनी, ज्यांना आम्ही अम्मो म्हणजे काका म्हणतो, मडगार्डची कड ठोकून आत वळवली. नवी स्प्रिंग घातली. मग डावी-उजवी अदलाबदल केली.

एकोणतीस.

"जुन्या उंच स्प्रिंगा कुठायत?" त्यांनी विचारलं.

"बाल्कनीत. यम्माने त्यांच्यावर पुदिन्याच्या कुंड्या ठेवल्यात," मी म्हणाले.

"मग आणा. बसवून टाकू."

"अम्मो, वरातीत पोरं हसतील," कुतैबा म्हणाला. "नवरी ट्रॅक्टरवरून आणली म्हणतील."

"टायर फुटला तर चालत येईल. ते शोभेल?"

"बघू. लग्नानंतर."

'बघू, ईदनंतर' असं तो यम्मालाही सांगायचा. आमच्या आईचे गुडघे गेले होते. मागच्या डाव्या सीटवर ती बसली की उठता येत नसे. आम्ही दोघं ओढायचो आणि ती आमच्या सात पिढ्या उद्धरायची. "मेले तरी यातून उठता यायचं नाही मला!"

यंदाच्या रमजानमध्ये ती गेली. हॉस्पिटलात.

शेजारच्या दुकानातून आणून मी उजव्या सीटवर तांदळाच्या पिशव्या रचल्या. चौसष्ट किलोंना दोन्ही बाजू सारख्या झाल्या. हॉस्पिटलच्या शेवटच्या कागदावर यम्माचं वजनही चौसष्टच होतं. मी ते कुणाला सांगितलं नाही. पिशव्या उतरवल्या.

अबू शुक्रींनी कडू कॉफी आणली. तीन कप आम्हाला. चौथा त्यांनी मागच्या सीटसमोर, खाली ठेवला.

"घ्या, उम्म कुतैबा," ते म्हणाले, जणू कुतैबाची आई समोरच बसली होती.

"अम्मो, काहीतरीच काय!"

"तुझ्यासाठी मुलगी मागायला गेलो, तेव्हा होकार येईपर्यंत मी कपाला ओठ लावला होता का? मागणं असलं की माणूस कॉफी पीत नाही." त्यांनी आत डोकावलं. "बघ. पीत नाहीत."

कुतैबा हसला. एकटाच.

सीट करकरली.

मी पट्टी लावली. सत्तावीस. एकतीस. सत्तावीस.

उठायच्या आधी यम्मा अशीच दोनदा झुलायची.

कुतैबाने दार उघडलं आणि सवयीने हात आत दिला. त्याचा खांदा खाली ओढला गेला.

"यम्मा, थांब, पाठीत उसण भरेल तुझ्या," तो म्हणाला. मग मान न वळवता, मोठ्याने, "अम्मो, जुन्या स्प्रिंगा बसवा. आजच."

मी मोजलं. अजून एकोणतीसच.

पण कप रिकामा होता.