चंपा कधीमधी कुंथते

देवनहळ्ळीच्या अलीकडे, शहाळेवाल्यापाशी एक उंच, सावळा मुलगा उभा होता, आणि काय सांगू, तो उल्काकडे बघतच नव्हता! नागपूरहून बंगळुरात, मारतहळ्ळीत नोकरीला आल्यापासून अख्खं ऑफिस तिच्याकडे बघतं... आणि हा बघत होता तिच्या लाल गाडीकडे. तेही डोळे भरून.

"अय्यो... ही आमची चंपा!" तो स्वतःशीच पुटपुटला.

"तुमची काऊन जी? कागदं माझ्या नावावर आहेत."

मराठीत उत्तर ऐकून तो दचकलाच. श्रीहरी त्याचं नाव. येलहंक्याचा, पिढ्यान्‌पिढ्या इथलाच मराठी. दसऱ्यानंतर त्यानंच ही गाडी जुन्या गाड्यांच्या दुकानदाराला विकली होती.

"म्हणजे तुम्हीच का ते!" उल्का उसळली. "कधी एका झटक्यात सुरू होते, कधी कुंथत कुंथत. परत द्यायलाच चाललीय. दुकानदार आज संध्याकाळपर्यंतच घेणार आहे..." बोलता बोलता तिचा आवाज ओला झाला. स्वतःच्या पगारातून घेतलेली पहिली गाडी होती हो ती!

"स्वल्प थांबा. सकाळी गार असतानाच कुंथते?"

"नाही. काही नेमच नाही."

"मग कुठंतरी जोड बिघडलाय. हेडलाइट लावा... हां, आता चावी फिरवा."

रर्र... रर्र... आणि दिवे एकदम मिणमिणले. त्यानं बॉनेट उघडलं, मान कलती करून ऐकलं, मग बॅटरीच्या जोडावर हलकेच बोट टेकवलं, तापल्या पोराचं कपाळ बघावं तसं! उल्का बघतच राहिली. इतक्या मायेनं गाडीला हात लावणारा माणूस तिनं पाहिलाच नव्हता.

"गरम लागतोय." जोडाखाली पांढरी-हिरवी पूड जमली होती, तिच्यात कुंकू अडकलेलं. ते बघितलं आणि त्याचे कान लाल झाले.

"काय झालं?"

"चूक आमचीच. दसऱ्याच्या आयुधपूजेला अम्मानं नारळ फोडला अन् सगळं पाणी इथं, आत ओतलं. चंपा आता जाणार म्हणून प्रेमानं... त्यानंच जोड खाल्लाय."

'बॅटरी जुनी झाली' एवढं म्हटलं असतं तरी खपलं असतं. तो म्हणाला नाही. आणि तिथंच... उल्काचा सगळा राग विरघळला.

शेजारच्या चहावाल्याकडचं गरम पाणी आलं, श्रीहरीच्या बाइकमधला पाना आला. पूड घासून काढली, जोड घट्ट आवळला.

"फिरवा."

एका झटक्यात! पुन्हा फिरवली, पुन्हा एका झटक्यात!

"तरी शंका असेल तर परत द्या," तो हळूच म्हणाला. "मी... वाईट नाही वाटून घेणार."

"नाही देत, जा!"

तो केवढा हसला! मग पाना पुसत, पुसत, पुसतच राहिला. "रविवारी येऊ का? जोड बघायला..."

"सैल होईल का तो?"

"...नाही. चांगला आवळलाय."

"मग काऊन येता?"

इथंही त्याला खोटं सुचलं नाही. "तुम्हाला भेटायला."

उल्कानं ओठ दाबून हसू आवरलं. "रविवार लई लांब आहे, बाप्पा," ती म्हणाली, आणि बसल्या जागेवरून वाकून त्याच्यासाठी डावीकडचं दार उघडलं.